पाटावरची उडी

महानंदा,

तुझ्या गाद्या अजून मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली तशाच पडून आहेत. शिपाई अधूनमधून विचारतो, "बाई, उचलू का?" मी म्हणते, राहू दे. सकाळी दवानं ओल्या होतात, दुपारी उन्हानं वाळतात. पोरी त्यांच्यावर बसत नाहीत आणि पायही देत नाहीत, वळसा घालून जातात.

तू गेलीस त्याला महिना होत आला. शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापकांनी तुझी नोकरी, तुझे विद्यार्थी, तुझी शिस्त, सगळं नीट सांगितलं. त्यात मला काही भर घालायची नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय नव्हती. शनिवारी फाटकापाशी म्हणालीस, "सोमवारी बोलू, सुलभे. आत्ता माझी भाजी घ्यायची राह्यलीय." आणि रविवारी रात्री गेलीस. दवाखान्यात न्यायलासुद्धा कुणाला वेळ दिला नाहीस.

जिंतूरच्या या शाळेत आपण दोघी खेळाच्या बाई. माझ्याकडे व्हॉलीबॉल, तुझ्याकडे ॲथलेटिक्स. पण माझ्या संघातल्या पोरींची अंगं तू घडवायचीस आणि खेळ मी शिकवायची, म्हणजे प्रत्येक पोरीवर दोघींचा हक्क आणि म्हणून रोजचा तंटा. बाकीच्या शिक्षकांना वाटायचं आपलं पटत नाही. त्यांना काय माहीत, तंटा झाला नाही त्या दिवशी मला भाकरी गोड लागत नसे.

पुण्याच्या शिबिरातून तू ते लांबलचक नाव घेऊन आलीस, प्लायोमेट्रिक्स. मी म्हटलं, उड्याच ना? आमच्या बाईंनी आम्हाला बेडूकउड्या मारत मैदानाला फेऱ्या घालायला लावल्या, त्यातच आम्ही मोठ्या झालो. तू पोरींना गोल बसवलंस, सविताच्या वेणीचं रबर मागून घेतलंस, बोटावर ताणलंस आणि सोडलंस. ते थेट मुख्याध्यापकांच्या खिडकीवर जाऊन आपटलं. पोरी खिदळल्या. मग दुसरं रबर घेऊन ताणलंस आणि तसंच धरून ठेवलंस. कुणाच्या घरी सोयाबीन किती झालं वगैरे विचारत बसलीस, आणि बऱ्याच वेळानं ते हळूहळू सैल केलंस. ते तुझ्याच पायाशी पडलं.

"मांडीतला न् पोटरीतला स्नायू असाच हाय," तू म्हणालीस. "खाली बसताना ताणतो. ताणला की तवाच सोडायचा, मंग तो तुमाला वर फेकतो. जिमिनीवर रेंगाळलाव की जोर मेला."

त्या दिवसापासून तुझ्या तासाला पोरी 'उसळीचा तास' म्हणायला लागल्या. इंग्रजी नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मला वाटलं, आता ही पोरींना भिंतीवरून उड्या मारायला लावणार. तू काय आणलंस, तर घरचा जेवायचा पाट. जमिनीपासून चार बोटं उंच. त्यावर उभं राहायचं, पुढं पाऊल टाकायचं, दोन्ही पायांवर खाली उतरायचं आणि तसंच थांबायचं. झाली उडी. चवडा आधी, टाच मग, कंबर मागं, गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. कित्येक आठवडे एवढंच. जोडीला बैठका, कारण पायात ताकद नसेल तर उसळी कुठून येणार, असं तुझं म्हणणं. रेणुका तर तोंडावर म्हणाली होती, "बाई, ही उडी माझी आजीबी मारील." तू म्हणालीस, "आन आजीला. तिलाबी शिकवते."

तुझ्या सासूबाईंचा पाटावरून झालेला राग मला अजून आठवतो. जेवायच्या पाटावर पोरींचे पाय! तू म्हणालीस, "आत्याबाई, लगनात नवरी पाटावर उभीच राह्यती की." त्यांनी पाट काही परत घरात घेतला नाही. मग आणखी एक पाट आला. एकावर एक दोन पाट, मग वर्गाची पायरी, मग बाक. खालच्या उंचीवरून नीट उतरता आलं की वरची उंची, दोन पाय जमले की एक पाय. मधली पायरी गाळायची नाही. मी म्हणायची, "अगं, आमाला जाळीच्या वर जायचंय, तू पोरींना खाली यायलाच शिकवायलीस." तू म्हणायचीस, "वर तर समद्याच जातात."

आणि ते तुझं पाठ करून उभं राहणं. पोरगी पाटावर चढली की तू भिंतीकडे तोंड करायचीस. बघायचीच नाहीस. फक्त ऐकायचीस. उतरल्याचा आवाज आला की "पुन्हा." धप्प आवाज आला तरी "पुन्हा", जरासा आला तरी "पुन्हा". मला ते नाटक वाटायचं. एकदा मी तुला चिडवायला पोरीच्या जागी स्वतःच पाटावर चढले आणि उतरले. तू न वळता म्हणालीस, "सुलभे, वजन कमी कर." पोरी पोट धरून हसल्या. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी शेंगदाण्याची पोळी घेऊन आलीस, म्हणजे वजनाचा विषय मिटला.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत रेणुकाचा गुडघा गेला. माझ्या संघातली सगळ्यात उंच उडणारी पोरगी, येलदरीहून एस.टी.नं येणारी. जिल्ह्याच्या सामन्यात चेंडू मारला, हवेतच अंग वळलं आणि उतरली ती एकाच पायावर. तो आवाज तूही ऐकलास, मीही ऐकला. त्यावर आपण दोघी पुढे कधीच बोललो नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातली दोरी अर्धी तुटलीय, ऑपरेशन नको, पण घाईही नको.

मग मुख्याध्यापकांना कळवळा आला. वर्गांपुढच्या सिमेंटवर, कडक जमिनीवर पोरी उड्या मारतात म्हणून गुडघे जातात, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी पोरींना सांगितलं, घरून थोडा थोडा कापूस आणा, आपण गाद्या शिवू. पोरींनी ओढण्यांत बांधून, दप्तरात कोंबून कापूस आणला. सविताच्या आईनं तर वेचतानाच वेगळा काढून ठेवला होता. पिंजाऱ्यानं अशा टम्म गाद्या भरून दिल्या की बघून झोप यावी. सगळी शाळा खूश. पोरी त्यांच्यावर नाचायला लागल्या. तू मात्र मला बाजूला ओढलंस.

"सुलभे, ह्याच्यावर उसळीच येत न्हाई. गादी समदा जोर पिऊन टाकती. आन घोटा कुठं वळंल त्याचा नेम न्हाई."

"मंग सांग की सरांना."

"कशी सांगू? पोरींनी कापूस आणलाय घरचा."

दुसऱ्या दिवशी तू त्या गाद्या लिंबाखाली ओळीनं मांडल्यास आणि जाहीर केलंस की ह्या विश्रांतीच्या गाद्या. मोजक्या उड्या मारायच्या आणि येऊन गादीवर बसायचं, दम पूर्ण परत येईपर्यंत. उड्या पलीकडच्या मुरमाड, सपाट केलेल्या पट्टीवर, जिथं जमीन ना सिमेंटसारखी कडक ना कापसासारखी मऊ. मुख्याध्यापकही खूश, कापूसही सत्कारणी. तुझी ही हुशारी मला कधी जमली नाही.

पण माझ्या जिवाचा मात्र संताप व्हायचा. उभा तास चाललाय आणि अर्ध्या पोरी गादीवर!

"ह्या पोरी उड्या मारायल्यात का बसायल्यात?"

"बसायल्यात. तूबी बस."

"स्पर्धा तोंडावर आलीय, महानंदा."

"थकलेला पाय चुकीचं उतरतो. आन चुकीचं शिकला की तेच ध्यानात ठेवतो." एवढं बोलून तू सरकून मला जागा करून द्यायचीस. मी बसायची. खरं सांगू, त्या गादीवर बसून तुझ्याशी भांडायला मला फार आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नाही, आणि आता ते सांगायला मला हा कागद लागतोय.

रेणुकाला तू पुन्हा पहिल्यापासून घेतलंस. उन्हाळाभर नुसती ताकद. पावसाळ्यानंतर पाट. तिच्या उतरण्याचे दोन आवाज यायचे, आधी एका पायाचा, मागून दुसऱ्याचा. दुखरा पाय जमिनीला भीत होता. तू भिंतीकडे तोंड करून म्हणायचीस, "दोन झाले. पुन्हा." ती ओठ चावून पुन्हा चढायची.

इथं आपलं खरं भांडण होतं. डॉक्टरांनी आता हळूहळू खेळू द्या म्हटलं होतं आणि विभागीय स्पर्धा आली होती. रेणुका बारावीला. मी शनिवारी तुला फाटकापाशी गाठलं आणि एकदाचं बोलून घेतलं. म्हटलं, "तुझा पाट तिथंच राहील महानंदा, पण ही पोरगी राहणार न्हाई. परीक्षा झाली की बाप लगीन लावून देईल. कुठलं पुढचं वरीस न् कुठलं काय? तिला एवढी एकच स्पर्धा हाय. खेळू दे तिला." तू म्हणालीस, "गुडघा तिला जलमभर लागणार हाय. रानात बसायला, चुलीपुढं बसायला, लेकरू कडेवर घ्यायला." मी म्हटलं, "आन खेळायला?" यावर तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आज पहिल्यांदा हिची बोलती बंद झाली. मग तू भाजीचं म्हणालीस, आणि सोमवारचं.

मला अजूनही वाटतं की त्या शनिवारी माझं चुकलं नव्हतं. आपल्याकडच्या पोरींना पुढचं वर्ष मिळतंच असं नाही. हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तुमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. फुलांच्या डोलीत तुला मांडी घालून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष. मी बायकांबरोबर मागून चालत होते, आणि माझ्या डोक्यात काय यावं? जन्मभर हिला म्हणाले की तुझ्या तासाला नुसतं बसणंच फार, आणि ही बाई निघाली तीही बसूनच. मला हसू फुटलं गं. पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं हुंदका आला, तिनं पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यानं खरंच रडू आलं, आणि मग आवरेना. खड्ड्यापाशी जंगम म्हणत होते, "सावकाश, सावकाश." चौघांनी तुला धरून खाली उतरवलं. कसलाही आवाज झाला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

स्पर्धेची नावं पाठवायची होती. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही ठरवा. रेणुका रोज दारात येऊन उभी राहायची. मी तिला पाटावर चढवलं, पाठ केली, ऐकलं. दोन आवाज. मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं, म्हटलं एक येऊ दे, माझ्यासाठी तरी एक येऊ दे. दोनच आले. तिचं नाव मी दिलं नाही.

तुझं पटलं म्हणून दिलं नाही असं समजू नकोस. तू समोर असतीस तर तुझ्या नाकावर टिच्चून तिला नेलं असतं, तू आठवडाभर रुसली असतीस, आणि तिचं काही बरंवाईट झालं असतं तर निस्तरायला तू होतीसच. आता निस्तरायला कोण आहे? रेणुका रागानं लाल झाली. म्हणाली, "त्या बाई गेल्या, तरी तुमी त्यांचंच ऐकायल्या." आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली.

आम्ही तिच्याशिवाय गेलो. गाडी नेहमीसारखी देवगाव फाट्यावर थांबली. चहावाला ओळखीचा. त्यानं माझ्यापुढं कप ठेवला आणि विचारलं, "बिनसाखरेच्या बाई न्हाई आल्या का?" मी म्हटलं, "न्हाई आल्या." तो म्हणाला, "माघारी येताना आणा मंग." मी मान हलवली. पहिल्याच सामन्यात हरलो, महानंदा. येताना मी गाडी फाट्यावर थांबू दिली नाही.

मग रविवार बघून येलदरीला गेले, रेणुकाच्या घरी. ती मला पाहून आत निघून गेली. तिचे वडील दारात मासे साफ करत बसले होते. थोडं रान आणि बाकी सगळी भिस्त धरणावर, अशी माणसं ती. मी मनाशी जुळवून गेले होते की यांना काय काय सांगायचं, कसं समजवायचं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले,

"बसा बाई. त्या बाईबी हितंच बसल्या होत्या, ह्याच पोत्यावर."

"कोण बाई?"

"महानंदाबाई न. रविवारी आल्या होत्या. मी असाच मासे साफ करायलतो. म्हणलं, तुमी माळकरी माणसं. तर म्हणल्या, न्हाई, लिंगायत. म्हणलं, मंग तर तिकडं बसा, वास येतो. तर म्हणल्या, असू द्या. लय येळ बसल्या. नाकाला पदर बी न्हाई लावला बाईनं."

मी खाली बसले.

"म्हणल्या, पोरीचं लगीन कवा काढायलाव? मी म्हणलं, परीक्षा झाली की बघू. तर म्हणल्या, मला पुरं एक वरीस द्या. गुडघा नीट करून देते. मंग ती खेळंल तवा तुमी सोता येऊन बघा, आन मंग ठरवा काय ते. म्या जबान दिली. आता त्या न्हाईत, म्हून काय जबान फिरवतो व्हय?" त्यांनी हातातला मासा पाण्यात बुडवला. "जाताना म्हणल्या, उद्या सुलभाबाईला सांगते, लय भांडायली माझ्यासंगं, उद्या तिचं तोंड बंद करते."

केलंस बाई बंद. पुरतं केलंस.

आयुष्यभर मटणाच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलणारी तू. त्या वासात बसून तू माझ्या प्रश्नाचं उत्तर मागून आणलंस. शनिवारी तू गप्प झालीस ती हरून नव्हे, हे मला तुझ्या मागं कळावं? मी पोत्यावर बसून लहान पोरीसारखी रडले. रेणुका आतून पाणी घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली. तिलाही त्या दिवशीचं बोलणं ठाऊक नव्हतं. तू आलीस तेव्हा ती रानात होती.

सोमवारी ती शाळेत आली. तू म्हणाली होतीस त्या सोमवारनंतर किती सोमवार उलटून गेले होते.

काल सकाळचं सांगते आणि थांबते. पोरी पट्टीवर जमल्या होत्या. तुझे दोन्ही पाट मी एकावर एक मांडले. रेणुका चढली. मी तुझ्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीचा रंग उडालाय, खाली मुंग्यांची रांग लागलीय. एवढी वर्षं तू हेच बघत होतीस तर. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. मी कान टवकारून दोन आवाजांची वाट बघत होते. बराच वेळ झाला.

"मार की उडी," मी म्हटलं. "भियायलीस का?"

"मारली न, बाई."

"कवा?"

"मगाच," सविता म्हणाली. "आमी समद्यांनी बघितली."

मला वळता येईना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पोरींना ते दिसू द्यायचं नव्हतं. मी भिंतीला हात टेकवला.

"पुन्हा मार," मी म्हटलं. "मला ऐकू आली न्हाई."